‘शेवटच्या मिनिटाचा शाप’ आणि राजवाड्यांचे कागद

मंडळी, भारतीय हॉकी संघ हरला की आपल्याकडच्या ग्रुपवर लगेच दोन पार्ट्या पडतात.

पहिली पार्टी म्हणते, या लॅपटॉपवाल्यांनी खेळाची वाट लावली. ध्यानचंदच्या पाठीला कुठं मशीन बांधलेलं होतं? दुसरी पार्टी म्हणते, अजून पुरेसा डेटा वापरतच नाहीत भो, सगळं आकड्यांवर सोडा, मग बघा. जून २०२५ मध्ये युरोपात प्रो लीगचे सलग सात सामने गेले तेव्हा पहिल्या पार्टीचा आवाज मोठा होता. सप्टेंबरात राजगीरला कोरियाला ४-१ हरवून आशिया चषक आणला, २०२६ च्या विश्वचषकाचं तिकीट पक्कं झालं, तेव्हा दुसरीचा. तीन महिन्यांत तोच संघ, तोच प्रशिक्षक, तीच मशीनं. बदलला तो फक्त आपला मूड.

म्हणून आज थोडा इतिहास. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी हे ‘अ‍ॅनालिटिक्स’ म्हणजे काय ते साध्या भाषेत. खेळाडूच्या जर्सीच्या आत, पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये एक छोटं जीपीएस यंत्र असतं. तो किती पळाला, त्यातलं जोरात किती, थकल्यावर वेग किती पडला, हे त्यातून कळतं. दुसरीकडे एक माणूस सामन्याचा व्हिडिओ तुकड्यातुकड्यांत कापतो. प्रतिस्पर्ध्याच्या ‘डी’मध्ये आपण किती वेळा शिरलो, किती पेनल्टी कॉर्नर मिळाले, त्यातले किती गोल झाले, चेंडू कुठं आणि कुणाकडून हरवला, याची नोंद होते. यात जादू काही नाही. दुकानदार रात्री गल्ला मोजतो आणि उधारीची वही बघतो, तसलंच हे काम.

आता थोडं धुळ्यात जाऊ.

इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यातच गेले, ३१ डिसेंबर १९२६ ला. त्यांनी आयुष्यभर गावोगाव पायपीट करून गोळा केलेले कागद आजही तिथल्या राजवाडे संशोधन मंडळात आहेत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी एक काम केलं, जे त्या काळी अनेकांना झोंबलं. त्यांनी बखरी घेतल्या आणि अस्सल पत्रांच्या शेजारी ठेवल्या. बखरीत तारखा चुकलेल्या, माणसं चुकलेली, आकडे फुगवलेले. बखर ऐकायला गोड, पण त्या वेळी लिहिलेलं पत्र काही वेगळंच सांगतं. राजवाड्यांना मराठ्यांचा अभिमान कमी होता असं कुणी म्हणणार नाही. तरी त्यांचं म्हणणं एकच, आधी कागद दाखवा.

आपल्या हॉकीचा इतिहास आपण आजवर बखरीसारखा वाचलाय. आशावादी पार्टीची एक बखर, निराशावाद्यांची दुसरी. कागद कुणीच उघडत नाही. तर उघडू.

सुवर्णकाळापासून सुरू करू. १९२८, अ‍ॅमस्टरडॅम. भारताने २९ गोल केले, अंगावर एकही घेतला नाही. त्यातले १४ एकट्या ध्यानचंदचे. हे खरं, आणि अभिमानाचंच. पण त्या संघात निम्म्याहून जास्त खेळाडू अँग्लो-इंडियन होते. रेल्वे, तारखातं, पोलीस यांच्या वसाहतींत तेव्हा हॉकी जोरात चालायची. आपल्या भुसावळलाही रेल्वेमुळे अशी वस्ती होतीच. म्हणजे हे यश आभाळातून पडलेलं नव्हतं. नोकरी, मैदान, क्लब आणि १८९५ पासून चाललेल्या कलकत्त्याच्या बेटन कपसारख्या स्पर्धा, एवढं सगळं पाठीशी होतं.

१९३२ चं लॉस एंजेलिस बघा. अमेरिकेवर २४-१ असा विजय, आजही अंगावर काटा येतो. पण त्या ऑलिम्पिकला हॉकीचे संघ होते तीन. भारत, जपान, अमेरिका. मंदी होती, लांबचा प्रवास होता, बाकीचे आलेच नाहीत.

१९३६ चं बर्लिन तर बखरीतलं सोन्याचं पान. अंतिम सामना १५ ऑगस्टला, जर्मनीवर ८-१. पण स्पर्धेच्या आधी सराव सामन्यात त्याच जर्मनीने भारताला ४-१ हरवलं होतं, ते आपण सांगत नाही. त्या पराभवानंतर संघाने काय केलं? नशिबाला दोष दिला नाही. आपली आघाडीची फळी कमी पडतेय हे ओळखलं आणि अली दारा या खेळाडूला तातडीने भारतातून बोलावून घेतलं. लॅपटॉप नव्हता, पण पद्धत तीच. हरलो, कुठं गळतंय ते बघितलं, माणूस बदलला. ध्यानचंदचा संघ मोजमापाच्या विरोधात होता असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा कागद जपून ठेवावा.

मग १९७६. मॉन्ट्रियलला ऑलिम्पिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर, म्हणजे टर्फवर खेळली गेली. त्याआधीच्याच वर्षी, १९७५ ला, क्वालालंपूरच्या गवतावर आपण पाकिस्तानला २-१ हरवून विश्वविजेते झालो होतो. एका वर्षात ऑस्ट्रेलियाकडून ६-१ हार आणि शेवटी सातवा नंबर. निराशावादी बखर इथूनच सुरू होते, की गोऱ्यांनी टर्फ आणून आपला खेळ मारला.

यात तथ्य आहेच. टर्फ महाग, त्यावर पाणी मारायला लागतं, गरीब देशाला ते झेपत नाही. गवतावर चेंडू उडायचा, थांबायचा, तिथं मनगटाची कला चालायची. टर्फवर चेंडू सरळ आणि जोरात जातो, तिथं पळणाऱ्याची चलती. पण टर्फ पाकिस्तानलाही तेवढीच महाग होती आणि त्यांनी १९८४ चं सुवर्ण नेलंच. १९८२ ला दिल्लीत, आपल्याच घरी, एशियाडच्या अंतिम सामन्यात त्यांनी आपल्याला ७-१ धुतलं. त्यामुळे नुसत्या टर्फवर सगळं ढकलता येत नाही.

१९८० चं मॉस्को हे शेवटचं सुवर्ण. तेही कागदावर बघा. बहिष्कारामुळे संघ फक्त सहा. टांझानियावर १८-०, क्युबावर १३-०, पोलंड आणि स्पेनशी बरोबरी, अंतिम सामन्यात स्पेनवर ४-३. पदक खरंच आहे, ते कुणी काढून घेत नाही. पण त्या पदकाने आपल्याला खोटी खात्री दिली की गाडी रुळावर आहे. पुढचे ऑलिम्पिकचे नंबर ओळीने लिहितो. १९८४ पाचवा, १९८८ सहावा, १९९२ सातवा, १९९६ आठवा, २००० सातवा, २००४ सातवा. २००८ ला पात्रताच नाही. सँटियागोला ब्रिटनकडून ०-२ हरलो आणि १९२८ नंतर पहिल्यांदा भारताशिवाय ऑलिम्पिक हॉकी झाली. २०१२ ला लंडनमध्ये बाराव्या नंबरावर. संघ बाराच होते.

ही ओळ कुणी १९८८ लाच भिंतीवर लावली असती, तर गाडी घाटात चाललीय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

त्याच काळात खेळ बदलत होता. १९९० च्या दशकात बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करायची मुभा आली. ऑफसाइड गेला. पुढं सामन्याचे १५-१५ मिनिटांचे चार भाग झाले. या तिन्ही बदलांनी हॉकी मोजणाऱ्याच्या बाजूला सरकली. कुणाला कितव्या मिनिटाला बाहेर काढायचं, कधी आत पाठवायचं, हे आता अंदाजाने ठरवणं परवडत नाही. हॉलंड, जर्मनी, ऑस्ट्रेलियाने वह्या भरायला घेतल्या. आपण बखर वाचत बसलो.

आता मूळ मुद्दा. ‘शेवटच्या मिनिटाचा शाप’.

माझ्या वयाच्या लोकांना हा शाप तोंडपाठ आहे. २००० चं सिडनी. पोलंडला हरवलं की उपांत्य फेरी. १-० ने पुढं होतो आणि शेवटच्या दोन मिनिटांत गोल खाल्ला. १-१, घरी. २०१४ चा विश्वचषक, हॉलंडमधलं हेग. बेल्जियमशी २-२ चालू होतं, शेवटच्या अर्ध्या मिनिटात गोल, २-३. पुढच्याच सामन्यात इंग्लंडशी १-१, शेवटच्या दोन मिनिटांत गोल, १-२. २०१६ रिओ. जर्मनीशी १-१, तीन सेकंदं उरलेली, पुन्हा गोल.

चहाच्या टपरीवर याची कारणं काय असायची? नशीब. पनवती. आपल्या लोकांची मानसिकताच कमजोर. मी स्वतः दहा जणांच्या तोंडून ऐकलंय की भारतीय माणसाला शेवट साधताच येत नाही. बघा, केवढं मोठं विधान! सव्वाशे कोटी लोकांच्या स्वभावावर निकाल, आणि पुरावा चार सामन्यांचा.

शापाला इलाज नसतो. म्हणून शाप सगळ्यांना सोयीचा. प्रेक्षक रडून मोकळा, संघटना हात झटकून मोकळी.

पण व्हिडिओ कापणारा माणूस वेगळे प्रश्न विचारतो. शेवटच्या दहा मिनिटांत बचावफळीचा वेग किती घसरला? कोण किती वेळ सलग मैदानावर होता? पुढं असताना संघ किती मागं सरकला? मागं सरकलं की चेंडू फटकावून बाहेर काढायचा, तो समोरच्याकडे जाणार, तो परत आपल्या डीमध्ये आणणार. अशा दहा खेपा झाल्या तर एखादा पाय लागतो, पेनल्टी कॉर्नर जातो, गोल होतो. यात पनवती नाही, हिशोब आहे. आणि हिशोब म्हटलं की दुरुस्ती आली. बदली वेळेवर करा, पुढं असतानाही चेंडू स्वतःकडे ठेवा, कॉर्नरवर पहिला कोण धावून जाणार ते ठरवून हजारदा सराव करा.

मग हे इतक्या उशिरा का झालं? मोजणारी माणसं आली नव्हती का? आली होती की.

व्हिडिओवर आणि डावपेचांच्या आखणीवर भर देणारे मुंबईचे सेड्रिक डिसूझा २००२ च्या विश्वचषकात प्रशिक्षक होते. स्पर्धा चालू असतानाच त्यांना काढलं. २००८ ला ऑस्ट्रेलियाचे रिक चार्ल्सवर्थ तांत्रिक सल्लागार म्हणून आले. पेशाने डॉक्टर, त्यांच्या देशाचे माजी खासदार, ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाला दोन ऑलिम्पिक सुवर्णं मिळवून दिलेला माणूस. काही महिन्यांत वैतागून गेले. २००९ ते २०१८ या दहा वर्षांत मुख्य प्रशिक्षक मोजा: ब्रासा, नॉब्ज, वॉल्श, व्हॅन आस, ओल्टमन्स, मरिन, हरेंद्र सिंह. सात! टेरी वॉल्शने २०१४ ला इंचॉनमध्ये एशियाडचं सुवर्ण आणून दिलं, त्यानंतर दोन महिन्यांच्या आत तो राजीनामा देऊन गेला.

आता सांगा, दर दीड वर्षाला मुनीम बदलला तर दुकानाचा हिशोब लागेल का? नवा येतो, जुन्याची वही बाजूला ठेवतो, नवी उघडतो. आणि आपण म्हणतो, वहीचा काही उपयोग नाही.

निराशावादी पार्टीचा अविश्वास अगदीच फुकटचा नाही, तो इथून आलाय. तिला पद्धत दिसलीच नाही, दिसले फक्त येणारे-जाणारे परदेशी साहेब.

२०१९ ला ग्रॅहम रीड आले आणि जवळपास चार वर्षं टिकले. टोकियोत २५ जुलै २०२१ ला ऑस्ट्रेलियाने ७-१ हरवलं, तेव्हा ग्रुपवर काय काय लिहिलं गेलं ते आठवा. संघाने मात्र तो सामना मोडून बघितला आणि पुढं सरकला. उपांत्य सामन्यात बेल्जियमला तब्बल १४ पेनल्टी कॉर्नर दिले आणि ५-२ ने हरलो. कुठं गळतंय ते त्या एका आकड्याने दाखवलं. ५ ऑगस्टला कांस्यपदकासाठी जर्मनी. १-३ ने मागं, तिथून ५-४ ने पुढं. सहाएक सेकंदं उरलेली असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर.

सिडनी, हेग, रिओ बघितलेल्या माणसाने त्या वेळी डोळे मिटले होते. श्रीजेशने अडवला. ४१ वर्षांनी ऑलिम्पिक पदक.

२०२४ पॅरिसला क्रेग फुल्टन प्रशिक्षक. आधी बचाव पक्का, मग विजय, हे त्यांचं सूत्र. न्यूझीलंडविरुद्ध विजयी गोल कितव्या मिनिटाला? ५९ व्या. अर्जेंटिनाशी बरोबरी कितव्या मिनिटाला? ५९ व्या. दोन्ही आपल्या बाजूने. ऑस्ट्रेलियाला ऑलिम्पिकमध्ये ५२ वर्षांनी हरवलं. ब्रिटनविरुद्ध १७ व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं. उरलेली चाळीसेक मिनिटं दहा जणांनी १-१ राखलं आणि शूटआउटमध्ये ४-२ ने जिंकलं. चार सामन्यांवरून सगळ्या देशाचा स्वभाव ठरवणाऱ्यांनी या सामन्यावरून काय ठरवावं?

त्याच ब्रिटनच्या सामन्यानंतर हॉकी इंडियाने तक्रार केली होती. शूटआउटच्या वेळी समोरचा गोलरक्षक व्हिडिओ टॅबलेट वापरतोय, ही त्यातली एक बाब. म्हणजे जगातले संघ आता शूटआउटच्या दोन फटक्यांच्या मधल्या वेळेतही माहिती शोधतात. हे योग्य की अयोग्य, यावर वाद घाला. पण हे नाहीच असं मानून चालणार नाही.

आता आशावादी पार्टीने फार खूश होऊ नये. तुमच्यासाठीही कागद आहेत.

२०२३ चा विश्वचषक, भुवनेश्वर आणि राउरकेला. पैसा होता, मशीन होतं, रीडही होते. न्यूझीलंडविरुद्ध ३-१ ने पुढं असून ३-३ झालं, शूटआउटमध्ये गेलो. उपांत्यपूर्व फेरीसुद्धा नाही. घरच्या मैदानाचं दडपण जीपीएसमध्ये दिसत नाही.

महिला संघाचं बघा. रिओला शेवटचा, बारावा नंबर. तंदुरुस्तीवर शास्त्रीय पद्धतीने काम केलं, त्यात वेन लोम्बार्ड या तज्ज्ञाचा मोठा वाटा. टोकियोत ऑस्ट्रेलियाला १-० ने हरवून थेट चौथा नंबर. पाच वर्षांत बाराव्यावरून चौथ्यावर, यापेक्षा मोठा पुरावा काय हवा? पण जानेवारी २०२४ ला रांचीत जपानकडून ०-१ हरलो आणि पॅरिसची पात्रताच गेली. आकडा एकदा कमावला की कायमचा मिळत नाही. दरवर्षी नांगरट करावीच लागते.

आणि आकड्याचा गैरवापरही होतो. ज्याला संघातून काढायचंच आहे त्याच्याविरुद्ध एखादा आकडा नेहमीच सापडतो. पळण्याच्या चाचणीत जो मागे पडतो, तो कदाचित एका पासने सामना फिरवणारा असतो. धनराज पिल्ले खडकीच्या वसाहतीत मोडक्या काठ्यांवर खेळून मोठा झाला. आजचं मशीन त्याच्यापर्यंत वेळेत पोचलं असतं का? हा प्रश्न मला खरंच सतावतो.

राजवाड्यांनीही कागद गोळा केले, पण कागद स्वतः बोलत नाहीत. ते वाचायला माणूस लागतो, आणि तो प्रामाणिक लागतो.

आपल्या भागाला हे समजायला जड जाऊ नये. रावेर-यावलमध्ये केळीला पाटाने पाणी भरायची पद्धत होती. ठिबक आली तेव्हा थेंबाथेंबाने केळी कशी जगेल, ही शंका घराघरात होती. आज झाडाला किती पाणी, किती खत, याचा हिशोब तिथला शेतकरी बोटांवर सांगतो. म्हणून त्याची नजर गेली का? नाही. पान बघून रोग ओळखणारा माणूस तोच आहे, हिशोबाने त्याच्या नजरेला जोड मिळाली. आणि वादळाने उभी बाग आडवी होते तेव्हा कोणताच हिशोब कामाला येत नाही, हेही तोच जाणतो. आशा आणि निराशा दोन्ही मापात ठेवायची अक्कल त्याच्याकडून घ्यावी.

शेवटी आपल्या घरचं बोलतो.

दिल्ली-भुवनेश्वरच्या लॅपटॉपवर आपण तावातावाने भांडतो. पण आपल्या तालुक्याच्या स्पर्धांचं काय? हॉकी असो, कबड्डी असो, खो-खो असो. गेल्या पाच वर्षांत कोण जिंकलं, कुणी किती गोल केले, कोणती पोरगी सलग तीन वर्षं सगळ्यात जास्त गडी बाद करत होती, हे किती ठिकाणी लिहून ठेवलंय? ट्रॉफीचा फोटो सापडेल, पाहुण्यांच्या सत्काराचे पन्नास फोटो सापडतील, स्कोअरशीट सापडणार नाही. मग शिरपूर किंवा चोपड्याकडच्या आदिवासी पाड्यावरची एखादी चपळ पोरगी निवड चाचणीला गेली, तर तिच्या बाजूने बोलणारा कागद कुठं आहे? शहरातल्या अकादमीतल्या पोराची फाइल असते. हिच्याकडे फक्त तिच्या सरांचा शब्द असतो, आणि सरांची ओळख नसेल तर तोही चालत नाही.

मोजलं जाणं ही मोठ्यांची चैन वाटते. खरी गरज ओळखपाळख नसलेल्यांना आहे. ज्याची नोंद नाही, त्याच्याबद्दल कुणीही काहीही ठरवू शकतं.

त्यासाठी जीपीएस नको. दोनशे पानी वही आणि एक पेन पुरे. आपापल्या गावच्या स्पर्धेत एका पोराला मैदानाच्या कडेला बसवा, त्याला नाष्टा द्या आणि सगळं लिहायला लावा. तारीख, नावं, गोल, मिनिट. स्पर्धा संपली की वही शाळेत जमा करा.

राजवाडे सरदारांच्या, कुळकर्ण्यांच्या घरी जाऊन माळ्यावरची दप्तरं उपसायचे, कारण कुणीतरी कधीकाळी ती लिहून ठेवली होती. आपल्या खेळाची दप्तरं उद्या कुणी शोधायला आलं, तर आपल्या माळ्यावर काय सापडेल?

तुमच्या गावात अशी जुनी स्कोअरवही असेल तर खाली कमेंटमध्ये फोटो टाका. नसेल तर या हंगामापासून सुरू करा.